बाळंतिणीची खोली

"तुम्ही बाहेर का बसलाय?" मी विचारलं.

केराबाई बाळंतिणीच्या खोलीबाहेर भिंतीला पाठ टेकून उकिडवी बसली होती. हात तेलानं माखलेले, डोळे मिटलेले. मी स्वयंपाकघरातून पावलं न वाजवता आले होते, तरी ती दचकली नाही. मला त्याचाच राग आला.

"वाईच डोस्कं जड झालंया, मॅडम. बसते आन् जाते आत."

"सकाळपासून तीनदा बाहेर आलात. मी मोजलंय."

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "मोजा की," म्हणाली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली. दाराशी थांबून मागं न बघता म्हणाली, "खिडकी किलकिली ठिवा म्हून चार दिस सांगतीया मी."

"बाळंतिणीला वारा लागतो."

"लागू दे वाईच. ही खोली मला मानवत न्हाई."

खोली माझी होती, आणि ती न मानवायला केराबाई काही तिथं राहायला आली नव्हती. रोज सकाळी दोन तास येणारी मालीशवाली ती. खिडकी उघडी हवी, सारखं बाहेर जायला हवं. कशासाठी? मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले आणि फटीतून आत काय चाललंय ते बघत उभी राहिले.

असं बघणं माझ्या अंगवळणी पडलं होतं. वजनमापे खात्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा निरीक्षक म्हणून. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, आतून शिसं काढून पोकळ केलेली वजनं, तळ वर ठोकलेली दुधाची मापं, सगळं पाहिलं होतं. दुकानदार गोड बोलायला लागला, चहा मागवायला लागला, की मी आधी त्याचं पारडं उलटं करायची. विट्याच्या बाजारात मी शिरले की मागच्या गल्लीपर्यंत निरोप पोचायचा. निवृत्त होऊन चार महिने झाले होते. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात संशय घ्यायलासुद्धा कुणी नव्हतं म्हणा ना. तेवढ्यात माझी एकुलती एक मुलगी वृषाली पहिल्या बाळंतपणाला आली, तिला मुलगी झाली, आणि माझ्या अंगात पुन्हा बारा हत्तींचं बळ आलं.

गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत मी घर बांधलं होतं. स्लॅबचं, कडेनं रबराची पट्टी बसवलेल्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं. खिडकी ओढली की बाहेरच्या ट्रकचा आवाजसुद्धा अर्ध्यावर यायचा. त्यातली आतली लहान खोली मी बाळंतिणीसाठी ठेवली. माहेराहून माझी जुनी सुंभाची बाज आणली. मालीश, मग कढत पाण्याची अंघोळ, मग डोक्याला फडकं बांधून वृषालीनं बाजेवर पडायचं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची. निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वावडिंग टाकायचं. बाळालाही तीच धुरी. आमच्यात पहिल्यापासून असंच चालत आलंय.

कोळसा मात्र मी केराबाईच्या हाती दिला नव्हता. चांगला लोणारी कोळसा मी स्वतः निवडून आणायची, परसात शेगडी पेटवायची, धूर पार संपून निखारे लालबुंद झाले की मगच आत न्यायची. खोलीत धुराचा मागमूस नसे. ओवा-शेपाची धुरी काय ती मिनिटभराची. शेक संपला तरी थंडीसाठी म्हणून शेगडी तिथंच राहू द्यायची. डिसेंबरचे दिवस होते आणि विट्याची थंडी अंगाला झोंबते.

आणि तरीही बिनसलं होतं. सोळावा दिवस होता तो. गेले चार दिवस, म्हणजे थंडी वाढल्यापासून, वृषाली सकाळी बरी उठायची. मालीश-शेक झाला की डोकं धरायची, मळमळतं म्हणायची, जेवणावर तिची वासना नसायची. बाळ तर नुसतं झोपून. तान्हं मूल झोपणारच, हे मलाही कळतं. पण हे झोपणं निराळं होतं. तळपायाला टिचकी मारली तरी डोळा उघडत नव्हती. छातीशी धरली तर दोन घोट ओढून मान टाकायची. दुपार कलली, खोलीत झाडूपोछासाठी दारं उघडली, की मायलेकी जरा ताज्या व्हायच्या. दुसऱ्या दिवशी केराबाई आली की पुन्हा तेच.

केराबाई आली की त्रास. केराबाई गेली की हळूहळू आराम. मी हे मनात दोनदा म्हणून पाहिलं.

बाळाची घुटी तीच उगाळत असे. सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, एकेकाचे मोजके वेढे. आमच्या लहानपणी बायका कुजबुजायच्या, अमकीनं पोर गप्प राहावं म्हणून घुटीत अफू दिली, पोर झोपलं ते उठलंच नाही. मी ते ऐकून झोपेत घाबरायची. आता ते सगळं आठवलं.

त्याच दिवशी दुपारी मी दोघींना रिक्षात घातलं आणि डॉक्टर औंधकरबाईंकडे नेलं. दवाखान्यात तासभर बसावं लागलं. बसल्या बसल्या वृषाली म्हणाली, "आई, डोकं उतरलं बघ माझं." बाळानंही डोळे उघडले आणि दवाखाना दणाणून सोडला. डॉक्टरबाईंनी दोघींना तपासलं. काहीच सापडलं नाही.

"घरात चूल, शेगडी, धूर असं काही?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर लोक शेक-शेगडी म्हटलं की नाक मुरडतात, हे मला ठाऊक होतं. पाच मिनिटं भाषण ऐकावं लागलं असतं.

"धूर अजिबात नाही," मी म्हणाले. "गॅसवर करतो सगळं."

वृषालीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पायाला पाय लावला. तिनं नजर बाळाकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. केराबाई अमावस्येला कुणाच्याच अंगाला तेल लावत नसे. मालीश नाही म्हणजे शेकही नाही, म्हणून मी शेगडीचा व्याप केला नाही. वृषालीला नुसतं कढत पाणी घातलं. आणि काय सांगू, त्या दिवशी पोरगी दोन भाकरी जेवली. बाळ दर दोन तासांनी रडून दूध मागत होतं. संध्याकाळी वृषाली बाजेवर मांडी घालून बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि तिला गाणं म्हणून दाखवू लागली. तिचा आवाज माझ्यासारखाच बेसूर आहे, तरी मी दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.

मला आणखी पुरावा नको होता. आता फक्त मुद्देमाल सापडायचा राहिला होता.

अठराव्या दिवशी केराबाई आली. मी तिला नेहमीसारखा चहा दिला, नेहमीसारखी शेगडी फुलवून आत सरकवली. ती बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला न्हाणीत बसली तेव्हा मी तिची पिशवी उचलून स्वयंपाकघरात आणली आणि एकेक वस्तू ओट्यावर मांडली. तेलाची बाटली. मऊ धुवट फडकी. तंबाखूची चंची. अंगाऱ्याची पुडी. आणि तळाशी एक पत्र्याची डबी. डबीत काळी, चिकट, कडवट वासाची गोळी, लिंबाएवढी.

डबी मी ठेवून घेतली, बाकीचं पिशवीत भरलं. पिशवी जागेवर ठेवून मी बाळंतिणीच्या खोलीत गेले. तोवर बाळाला धुरी देऊन झाली होती आणि ते वृषालीच्या कुशीत निपचित पडलं होतं. वृषाली कपाळ दाबत होती.

"आई, आज पुन्हा," ती म्हणाली.

"आजच्यापुरतं," मी म्हणाले.

केराबाई फाटकाबाहेर पडता पडता मी तिला गाठलं. मुद्दाम तिथं गाठलं. शेजारच्या मोकाशीवहिनी कुंपणाशी तुळशीला पाणी घालत होत्या, समोरच्या घरातल्या दोघी गच्चीवर होत्या. चोर पकडला की चारचौघांसमोर पकडावा, खात्यातली शिकवण. साक्षीदार मिळतात.

"ही डबी तुमची?"

"माजीच की. तुमच्याकडं कशी आली?"

"यात काय आहे?"

"बाळंतबोळ हाय. वृषालीताईच्या पोटासाटनं आणलाय. रक्त साफ हुतं." मग तिच्या लक्षात आलं. "माजी पिशवी उचकली तुमी?"

"अफू आहे ही," मी म्हणाले. जेवढ्या मोठ्यानं म्हणता येईल तेवढ्या मोठ्यानं. "तू माझ्या नातीला अफू देतेस. त्रास नको, रडणं नको, म्हणून देतेस. तू येतेस त्या दिवशी पोर निपचित पडते, तू येत नाहीस त्या दिवशी खेळते. माझ्याकडे हिशेब आहे."

गच्चीवरच्या दोघी वाकून बघू लागल्या. मोकाशीवहिनींच्या तांब्यातलं पाणी कुंडीबाहेर पडत राहिलं.

केराबाईचं तोंड उतरेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग माझ्याएवढा आवाज न चढवता म्हणाली, "ह्या कालनीतली सहा लेकरं माज्या पायावर न्हाल्यात. त्यातलं एक सुदिक झोपलेलं न्हाई. तुमचंच का झोपतंय त्ये बगा." मग डबीकडे बोट केलं. "ती ठिवा तुमच्याजवळ. वैद्याला दावा, पोलिसात द्या. मी उंद्या सकाळी निकाल घ्याया येते."

"पाऊल ठेवू नकोस या घरात."

"निकाल घेटल्याबिगर मला दुसऱ्या घरात कोन पाऊल ठिवू दील?" ती म्हणाली. फाटक ओढून घेता घेता थांबली. "आन् मॅडम, मला शिव्या द्या, पन त्या खोलीची खिडकी उगडा. तितं काय तरी हाय. काय हाय त्ये मला कळंना, पन हाय."

"काय आहे? भूत?"

तिनं फाटक ओढलं आणि ती गेली. दुपारपर्यंत दोन घरांतून तिला निरोप गेला की उद्यापासून येऊ नका. मोकाशीवहिनींनीच मला येऊन सांगितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सगळं मी स्वतः केलं. मालीश केली. माझे हात केराबाईसारखे चालत नव्हते, तरी केली. बाळाची घुटी स्वतः उगाळली, वेढे निम्मे. कडाक्याची थंडी होती म्हणून शेगडी काठोकाठ भरली. निखारे असे रसरसले होते की बघत राहावं, वर धुराची रेघ नाही. खिडकी घट्ट ओढली. दाराखालच्या फटीतून गारवा येत होता, तिथं टॉवेल गुंडाळून लावला. केराबाईच्या वेळी मी बाहेर असायची, आज लक्ष ठेवायला आतच बसले. बाजेशेजारी पाट घेतला आणि बाळाच्या तोंडाकडे बघत राहिले. आज ती खेळणार होती, आणि मला ते पाहायचं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. रात्री झोप झाली नाही, त्याचं असेल, मी म्हटलं.

"आई, मळमळतंय," वृषाली म्हणाली.

"तेल जास्त झालं असेल. पड गप."

"झोप येतेय गं खूप."

"मग झोप."

बाळानं दूध सोडलं. मान बाजूला गेली. मी वाकून तिच्या तळपायाला टिचकी मारली. पुन्हा मारली. पाय हलला नाही.

मी पाटावर बसून विचार करू लागले. विचार करायला फार वेळ लागत होता. केराबाई आज आलीच नव्हती. डबी माझ्या कपाटात होती, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. घुटी मी उगाळली होती. खात्यात कधी कधी असं व्हायचं. वजनं बदलली, पारडी बदलली, तोलणारा माणूसही बदलला, आणि तरी माप कमीच भरलं, तर तपासायचा एक काटा उरायचा. आपण सोबत आणलेला. हे मला आठवलं, पण त्याचं पुढं काय करायचं ते आठवेना. डोळ्यांसमोर शेगडीची लाली हलत होती.

तेवढ्यात बेल वाजली.

"मॅडम, हाय का घरात? निकाल घ्याया आलेय मी."

केराबाईचा आवाज. आणि मी काय केलं? गप्प बसले. आली भांडायला, म्हटलं. नाही तर घरात कुणी नाही असं बघून डबी न्यायला आली असेल. बेल पुन्हा वाजली, मग दारावर थाप पडली, मग दुसरी. मी मुद्दाम ओ दिली नाही. पुढं जेव्हा ओ द्यावी असं वाटलं तेव्हा तोंडातून आवाज निघाला नाही. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. पाटावरून मी कडेला कलले आणि फरशीवर पडले.

परसदार उघडं होतं, शेगडी तिकडून आत आणली होती म्हणून. तिकडून ती आली. खोलीचं दार तिनं ढकललं, ते टॉवेलला अडलं, मग तिनं खांद्यानं लोटलं. उजेड आत आला. तिचे पाय माझ्या डोक्याजवळून बाजेकडे गेले. "अगं बया," एवढंच ती म्हणाली. मग ते पाय परत वळले आणि तिच्या छातीशी माझी नात होती.

पोर पळवते आहे. माझ्या डोक्यात तेवढंच आलं. हातापायांत नसलेली ताकद त्या एका हातात आली आणि मी तिचा पदर धरला.

"ठेव तिला," मी म्हणाले. निदान म्हणायचा प्रयत्न केला.

"सोडा वो. सोडा म्हंते ना."

मी सोडला नाही. ती ओढत होती, मी धरून होते. बाळ तिच्या हातात लुळं पडलं होतं, आणि एकेक क्षण मी तिला त्याच खोलीत अडकवून ठेवत होते. शेवटी तिनं सगळा जोर लावून झटका दिला, लुगडं टरकन फाटलं, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली ती दवाखान्यात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोकं फुटतंय असं वाटत होतं. पायाशी मोकाशीवहिनी उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी वही घेतलेला एक हवालदार.

"वृषाली?" मी विचारलं. "बाळ?"

"वरच्या मजल्यावर आहेत दोघी, ऑक्सिजन लावलाय. शुद्धीवर आल्यात," मोकाशीवहिनी म्हणाल्या. "तुम्ही घाबरू नका. ती बाई सापडलीय. आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो तर बाळाला पायरीवर ठेवून वृषालीला फरफटत बाहेर काढत होती. नेमकं काय चाललं होतं देव जाणे. तुम्ही परवाच ओळखलं होतं तिला."

"काल," मी म्हणाले.

हवालदारानं पेन उघडलं. "तुमच्या मुठीत तिच्या पदराचा तुकडा होता. म्हणजे झटापट झाली. बरोबर? तिनं खायला-प्यायला काही दिलं होतं का?"

मी उजव्या हाताकडे पाहिलं. मूठ आता मोकळी होती, बोटं अजून आखडलेली होती.

तेवढ्यात डॉक्टर औंधकरबाई आत आल्या. त्या कुणाकडेही न बघता सरळ माझ्याजवळ आल्या.

"मला एकच सांगा. खोलीत काय पेटत होतं?"

मी मास्क बाजूला केला. "शेगडी."

"कसली?"

"कोळशाची. बाजेखाली. रोज."

"मी त्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही धूर विचारला होतात. धूर नव्हता," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझीच मला लाज वाटली.

"धूर असता तर बरं झालं असतं, खोकत तुम्ही बाहेर तरी आला असतात." त्यांनी स्टूल ओढलं. "लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत साठतो आणि रक्तातली ऑक्सिजनची जागा धरून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. त्या झोपेतून माणूस उठत नाही. खोलीतल्या सगळ्यांना एकच त्रास, आणि बाहेर आलं की उतरतो, ही त्याची खूण. त्या दिवशी दवाखान्यात तासभर बसलात तेवढ्यात दोघी बऱ्या झाल्या, ते उगाच नाही."

"पण आमच्या आयांनी शेकलंच की आम्हाला," मोकाशीवहिनी म्हणाल्या.

"कौलारू घरात. कुडाच्या भिंती, वर कौलांतून हवा. तरी किती दगावल्या ते कुणी मोजलंय?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणखी दहा मिनिटं गेली असती तर मी आज इथं तुमच्याशी बोलत नसते. बाळाच्या बाबतीत तर पाचच म्हणते."

दहा मिनिटं. त्यातली किती बेल वाजण्यात गेली आणि किती पदर धरण्यात, हे मला मोजता येत होतं. त्या दिवसापर्यंत मोजणं हे मला वरदान वाटत आलं होतं.

"ते सगळं ठीक आहे," हवालदार म्हणाला, "पण मला जबाब पुरा करायला हवा. या बाईविरुद्ध तुमची तक्रार आहे. तुमचा कुणावर संशय आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "लिहा. माझ्यावर."

तो लिहायचा थांबला. "मॅडम, असं नाही लिहिता येत."

"मग असं लिहा. शेगडी मी पेटवली. खिडकी मी लावली. फटीला टॉवेल मी लावला. डॉक्टरांशी खोटं मी बोलले. केराबाई खिडकी उघडा म्हणून रोज सांगत होती. आज ती नसती तर तिघी मेलो असतो, आणि ती बाळाला बाहेर नेत होती तेव्हा मी तिला अडवलं. पदराचा तुकडा त्या ओढाताणीतला आहे. डबीत बाळंतबोळ आहे." मोकाशीवहिनींकडे बघून मी म्हणाले, "तुम्हीही ऐका. कॉलनीत सांगायला लागेल."

त्यांनी मान खाली घातली. हवालदार लिहीत राहिला.

"आहे कुठं ती?" मी विचारलं.

"खाली पोलिसांसाठीच्या बाकावर बसवलीय. आमचा एक माणूस आहे बरोबर," तो म्हणाला. "सारखी डोकं धरून बसतेय. दोनदा ओकली. चौकशी म्हटली की यांची अशी नाटकं सुरू होतात."

डॉक्टरबाई स्टुलावरून उठल्या. "किती वेळ झाला?"

"तास, सव्वा तास."

"तीही त्याच खोलीत शिरली होती, तीनदा. आणि रोज दोन तास तिथंच बसत होती." त्या बोलत बोलतच दाराबाहेर पडल्या होत्या. जिन्यावरून त्यांचा आवाज आला, "स्ट्रेचर आणा."

केराबाईला माझ्या शेजारच्या खाटेवर आणून झोपवलं. फाटलेला पदर कुणीतरी तिच्या खांद्यावर सारखा करून दिला होता. चेहरा मातीसारखा झाला होता. तिला मास्क लावला, नर्सनं हाताची नाडी बघितली. मी कुशीवर वळून तिच्याकडे पाहत राहिले. काय म्हणायचं ते जुळवत होते. माफी मागायची मला सवय नव्हती. एकतीस वर्षांत कुणा दुकानदाराची मागितली नव्हती, नवऱ्याचीसुद्धा नाही. तिच्यासमोर कुठून सुरुवात करावी हे कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. मला पाहिलं. मास्क हनुवटीवर ओढला.

"लेकरू प्यालं का?" तिनं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. मला माहीत नव्हतं. शुद्धीवर आल्यापासून मी काय काय बोलले होते, जबाब दिला होता, एवढं नेमकं मी कुणालाच विचारलं नव्हतं.

"थांबा, बघून येते," मी म्हणाले.

नर्स उठू नका म्हणत होती. मी भिंतीला धरून, कठड्याला धरून वरच्या मजल्यावर गेले. वृषाली उशीला टेकून बसली होती, नाकात नळी, गाल ओले. बाळ तिच्या छातीशी होतं आणि पचापचा आवाज करत पीत होतं. मी वृषालीच्या केसांवरून एकदा हात फिरवला, बघून घेतलं आणि तशीच खाली आले.

"प्यायली," मी केराबाईला सांगितलं. "पितेय अजून."

"कुठल्या अंगाला?"

मी आठवलं. "डाव्या."

"मग आता उजव्या अंगाला लावाय सांगा जावा," केराबाई म्हणाली, आणि मास्क वर घेऊन तिनं डोळे मिटले.

मी पुन्हा जिना चढायला लागले.